अम्माच्या रगड्यातला दगड

हसू नका, पण ठोसा झेलायला मी अम्माच्या रगड्यावर शिकलो. आम्ही तंजावरकडचे मराठी, आईला अम्माच म्हणतो. मद्रासला मी बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात उतरलो तेव्हा मास्तर म्हणाले, "ठोसा बसतो जबड्यावर, पण झेलते मान. मान कमव!" मग काय, रगड्यातला गोल दगड पंच्यात बांधायचो, पंचा दातांत धरायचो आणि मान वर-खाली करायचो.

पहिल्या लढतीला, आधी मान गरम करायला म्हणून, तो दगड मी एग्मोरच्या हॉलवरच घेऊन गेलो. इकडे घरी इडलीचे डाळ-तांदूळ भिजलेले! दगड न्यायला अम्मा तरातरा हॉलवर आली आणि नेमका तेव्हाच माझ्या जबड्यावर असा ठोसा बसला, की तिनंच डोळे मिटले. उघडून बघते तर मी उभाच. तिन्ही फेऱ्या उभा राहिलो. हरलो मात्र गुणांवर.

परतताना बसमध्ये दगड माझ्या मांडीवर, अम्मा शेजारी. मी म्हटलं, "अम्मा, सोडून देऊ का हे?"

"पडलास का?"

"नाही."

"तू किती मारलेस?"

"दोनच."

"मग सोडतोस कशाला? मान झाली तयार. उद्यापासून पीठ तूच वाट, हातही होतील."