रफिकनं ऐकून घेतलेला फोन

नवीन फोन चालू करताना त्या अटी-शर्ती येतात ना, त्या तुमच्यापैकी कुणी वाचतं का? मी तर बोटानं सरसर खाली सरकवतो अन् 'मान्य' दाबून मोकळा होतो. मग रफिकचं ऐकाच.

माझ्या या दोस्ताला जन्मापासून दिसत नाही. त्याच्यासोबत गारखेड्यात फोन घ्यायला गेलो. दुकानदार सवयीनं म्हणाला, "साहेब, याचा डिस्प्ले बघा, लई भारी!"

रफिक हसला. "डिस्प्ले तुम्हीच बघा. मला अंगठ्याचं लॉक बाजूच्या बटणावर पाहिजे, वायरचा इअरफोन लागला पाहिजे अन् आवाज गर्दीत बी साफ आला पाहिजे."

चार फोन हाताळून त्यानं एक निवडला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज चालू केला अन् वेग इतका वाढवला, की मला नुसती भुणभुण ऐकू येत होती. रफिक मान खाली घालून त्या अटी-शर्ती शेवटपर्यंत ऐकत बसला. मग म्हणाला, "आपण कुठं कुठं जातो, ते हा जाहिरातवाल्यांना सांगणार म्हणतोय. नाय पाहिजे." अन् तेवढी परवानगी त्यानं बंद करून टाकली.

"तू सगळं ऐकलंस?" मी थक्क.

"मग? न ऐकता हो कसं म्हणू?"

दुकानदारानं हळूच स्वतःचा फोन रफिकपुढं सरकवला.

"भाई, जरा इसकू बी सुनके बताओ. मैं अब तक किस-किस कू हां बोल दिया, कुछ मालूम नै."