प्लायवूडमागचा खेळाडू

नाही, पण खेळत कोण होतं? तुम्हीच सांगा! आठ वर्षं, फक्त व्हिडिओ गेम दाखवणारं चॅनल, पडद्यावर केसांना जेल फासलेला निवेदक, आम्ही त्याला हिरो म्हणायचो, तो हातात जॉयस्टिक घेऊन उड्या मारतोय, "मित्रांनो, हा बघा, राक्षस गेला!"... अहो, त्याच्या जॉयस्टिकची वायर कशालाच जोडलेली नव्हती! मागे प्लायवूडच्या आडोशाला, डुगडुगत्या स्टुलावर, घामानं डबडबून खेळत कोण होतं? मी!

कारण काय, तर हिरोला बोलता येतं पण खेळता येत नाही, मला खेळता येतं पण कॅमेरा दिसला की बोबडी वळते. एकदा तर थेट प्रक्षेपणात पठ्ठ्यानं जॉयस्टिक टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी चहाचा कप धरला, आणि पडद्यावर माझा सैनिक धडाधड सात जणांना लोळवतोय! म्हटलं, संपलं, पकडले गेलो. कसलं काय! प्रेक्षकांची पत्रं आली, "हात न लावता खेळतो, धन्य आहे!" फोटो त्याचा लागला भिंतीवर.

आणि घरी? घरी सासरे! आमच्याकडेच राहतात. कुणी विचारलं, "जावई काय करतात हो?" की म्हणणार, "खेळतात." बस्स, एवढंच, आणि वर असा उसासा, जसा काही मला मोठा आजार झालाय. मी सांगायचो, "बाबा, तो टीव्हीवर दिसतो ना, त्याच्या मागे मी असतो." तर म्हणायचे, "मागे कुठे? मागे तर फळी आहे!"

बरं, चॅनल तरी धड राहावं? पहिले मालक गेमवेडे, दिवसभर गेम. दुसरे आले, म्हणाले, "दुसऱ्याला खेळताना कोण बघतं हो?" झालं! गेम सहा तास, बाकी गाड्यांच्या शर्यती. तिसरे आले, गेम अर्धा तास, उरलेला वेळ पोट कमी करायच्या पट्ट्यांच्या जाहिराती! नाव मात्र गेमचंच. आणि त्या अर्ध्या तासातसुद्धा खेळत कोण होतं? मीच की!

शेवटी टाळं लागायची वेळ आली. निरोपाचा कार्यक्रम, तोही थेट. आणि हिरोला, तुम्हाला सांगतो, अचानक माणुसकी आठवली. म्हणाला, "आज खरं सांगून टाकू. तू समोर ये." मी लगेच बायकोला फोन, "बाबांना टीव्हीसमोर बसव! एकदाच बघू देत, जावई काय चीज आहे!" तोंडाला पावडर, डोळ्यांवर दिवे... हिरो ओरडला, "मित्रांनो, आठ वर्षं हाच खेळत होता!" आणि जॉयस्टिक माझ्या हातात. वायर जोडलेली, हो! पहिलाच खड्डा. उडी मारायची, बस्स, पाच वर्षांचं पोर मारतं... मी पडलो. पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा तर जागचा न हलताच मेलो! कॅमेऱ्याचा लाल दिवा डोळे वटारतोय... खेळ खलास!

घरी गेलो. सासरे टीव्ही बंद करून बसलेले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला शेजारी बसवलं, खांद्यावर हात ठेवला. मी आपला सरसावून बसलो, कौतुक ऐकायला! म्हणाले, "जावईबापू, चॅनल का बंद पडलं, ते आज कळलं."

आणि इतक्या मायेनं म्हणाले, की मी आपला "हो" म्हणून मोकळा झालो.