पिरोजी शाईतला अर्ज

स्टेनोबाई — हा नाही. हा फार निळा. शाळेच्या गणवेशासारखा.

हेडक्लार्क — दुकानदार म्हणाला, पिरोजी म्हणतात तो हाच.

स्टेनोबाई — त्याला बाटली खपवायची होती. तिसरी उघडा. अहो, जपून! टेबलक्लॉथ पांढरा आहे आणि आत दादा झोपलाय.

हेडक्लार्क — टेबलक्लॉथचा आणि तुमच्या भावाचा संबंध लक्षात आला नाही.

स्टेनोबाई — डाग पडला की मी ओरडणार, मी ओरडले की तो उठणार. टिपणीत कार्यकारणभाव स्पष्ट असावा, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?

हेडक्लार्क — निब धुऊन घ्या आधी. मागच्या निळीचा अंश राहिला असेल.

स्टेनोबाई — धुतली. काय लिहू?

हेडक्लार्क — तेच शब्द लिहा. ‘सविनय अर्ज’. म्हणजे मूळ कागदाशी ताडून बघता येईल.

स्टेनोबाई — एकतीस वर्षांनी पुन्हा सविनय. घ्या.

हेडक्लार्क — दोन्ही कागद शेजारी धरा. असे, उजेडाकडे. हा बराच जवळ जातो.

स्टेनोबाई — ओला आहे म्हणून. टीपकागद लावा नि मग बघा. आणि माझ्या अर्जातली शाई विटलीय, हे धरलंत का हिशेबात? तेव्हा ती अशी नव्हती. तेव्हा तिच्यात एक झाक होती. डोळ्यांत भरायची.

हेडक्लार्क — डोळ्यांत भरली म्हणूनच तर.

स्टेनोबाई — हो. म्हणूनच तर. मला एक सांगा साहेब, हा कागद तुमच्याकडे आला कसा?

हेडक्लार्क — जुनं दप्तर नष्ट करायला काढलंय. शिपाई ओळखीचा. त्याने फोन केला, साहेब, तुमच्या अक्षरातलं काही आठवण म्हणून हवंय का?

स्टेनोबाई — लोक निरोप समारंभाचा फोटो नेतात. तुम्ही माझा परत केलेला रजेचा अर्ज नेलात.

हेडक्लार्क — रीतसर पोच दिली.

स्टेनोबाई — कुणाला?

हेडक्लार्क — शिपायाला. तो नको म्हणत होता.

स्टेनोबाई — ‘आई अत्यवस्थ असल्याची तार आली आहे. तरी आजपासून चार दिवसांची रजा मिळावी.’ आणि समासात तुम्ही. ‘शाई नियमबाह्य. निळ्या अथवा काळ्या शाईत फेरसादर करावा.’ अक्षर काय सुरेख होतं हो तुमचं! नकार आला तरी वाचायला बरं वाटायचं.

हेडक्लार्क — मला ती हिरवी वाटली. हिरवी फक्त संचालकांसाठी होती.

स्टेनोबाई — आणि लेखापालांना निळी वाटली. मग तुम्ही तिसऱ्या कुणाला तरी बोलावलंत. तिघं खिडकीशी उभे राहून माझा अर्ज उजेडात धरून बघत होतात. मला वाटलं, एक्स-रेच आहे. आता हे सांगतील, कुठलं हाड मोडलंय.

हेडक्लार्क — एकमत होईना. मग सावधगिरी म्हणून परत केला.

स्टेनोबाई — दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या शाईत लिहून, हा मागे जोडून दिला, तर तासाभरात मंजूर. दुपारच्या गाडीत बसले. आई त्या दिवशी पहाटेच गेली होती.

हेडक्लार्क — हो.

स्टेनोबाई — तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. मी का सांगत बसलेय?

हेडक्लार्क — सांगा. मी ऐकायला आलोय. आणि कबूल करायला. बाई, तुमचा अर्ज मी पुढे शिकवायला घेतला.

स्टेनोबाई — म्हणजे?

हेडक्लार्क — प्रशिक्षण वर्गात. नवीन भरती झालेल्यांना नमुना म्हणून. तुमचं नाव झाकून प्रती काढल्या होत्या. ‘शाईबाबतचे प्रकरण’ असं शीर्षक दिलं होतं. चांगला चालायचा तास. मुलं हसायची.

स्टेनोबाई — हसणारच. विनोदी आहे तो.

हेडक्लार्क — निवृत्त झाल्यावरही बोलवायचे मला त्या तासाला. गेल्या महिन्यात एका मुलीने हात वर केला. म्हणाली, सर, मग त्या बाईंची आईशी भेट झाली का?

स्टेनोबाई — काय सांगितलंत?

हेडक्लार्क — म्हटलं, प्रकरण निकाली निघालं.

स्टेनोबाई — छान.

हेडक्लार्क — घरी आलो तर जेवण जाईना. हा कागद तोवर आलाच होता. मग म्हटलं, निदान यावर ‘मंजूर’ लिहावं. त्याच शाईत, तुमच्यासमोर. त्यासाठी तीन दुकानं पालथी घातली.

स्टेनोबाई — साहेब, तुम्ही म्हणजे कमाल आहात. माफी मागायची तर तीही शेरा मारून.

हेडक्लार्क — मला दुसरं काही येत नाही, बाई.

स्टेनोबाई — ते दिसतंय.

हेडक्लार्क — एवढंच मनात राहिलं होतं, की अर्ज मी बाराला परत पाठवला. सव्वाबारापर्यंत निळ्यात लिहून येईल म्हणून मंजुरीचा शिक्का काढून ठेवला होता. पाचपर्यंत तो टेबलावरच होता.

स्टेनोबाई — काय विचारताय?

हेडक्लार्क — विचारत नाहीये.

स्टेनोबाई — विचारताय. एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही, ते तुम्ही विचारताय. हळू बोला जरा.

हेडक्लार्क — मी हळूच बोलतोय.

स्टेनोबाई — ही शाई मी कशासाठी घेतली होती, माहितीये? आईसाठी. आई शाळेत शिकवायची. मी तिच्या शाळेतली नोकरी सोडून तुमच्याकडे टाइप करायला आले, म्हणून दोन वर्षं तिने मला पत्र लिहिलं नाही. मी लिहायची. ती माझीच पत्रं तपासून परत पाठवायची.

हेडक्लार्क — तपासून?

स्टेनोबाई — तांबड्या शाईने. ह्रस्व, दीर्घ, विरामचिन्हं. ‘तुझी आठवण येते’ असं लिहिलं तर ‘येते’खाली रेघ, समासात ‘कर्ता?’. बाकी एक अक्षर नाही. मग एके दिवशी मी ही बाटली आणली. म्हटलं, बघू या, या रंगावर तिची तांबडी कशी उठते ते. पेनात भरून टेबलावर ठेवली आणि तेवढ्यात तार आली.

हेडक्लार्क — म्हणून घाईत त्याच पेनाने अर्ज लिहिलात.

स्टेनोबाई — लिहिताना घाई होती. परत आला तेव्हा नव्हती. मस्टरला दोरीने बांधलेलं निळं पेन आठवतंय? माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर. रोज सकाळी त्यानेच सही करायचे मी.

हेडक्लार्क — आठवतंय.

स्टेनोबाई — चार पावलं, साहेब. तुमचा शेरा वाचला आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, तारेत काय, अत्यवस्थ कुणीही असतं. तिनेच दादाला पाठवायला लावली असेल. आता जायचं, तिच्या उशाशी बसायचं आणि ती डोळे मिटूनसुद्धा माझ्या बोलण्यातल्या चुका काढणार. आजची रात्र तरी टळली. उद्या बघू. आणि मी बसून पाचपर्यंत संचालकांची पत्रं टाइप केली. एक चूक नाही.

हेडक्लार्क — बाई, मग हा शेरा…

स्टेनोबाई — तो तसाच राहू द्या. दादाला मी सांगितलं, साहेबांनी सोडलं नाही. सगळ्या नातेवाइकांना तेच सांगितलं. आई दर तासाला त्याला विचारत होती, गाडी आली का, गाडी आली का. त्याने एकट्याने ऐकलंय ते. तो तुम्हाला काय म्हणतो, ठाऊक आहे? शाईवाला. ‘तो शाईवाला मेला असेल का गं?’ महिन्यातून एकदा तरी विचारतो.

हेडक्लार्क — मी तर ओझं उतरवायला आलो होतो.

स्टेनोबाई — कळलं मला. पण तुम्ही ‘मंजूर’ लिहून मोकळे झालात, की त्या दिवशी मी गेले नाही याला कारण कोण उरतं? झाकण लावा त्या बाटलीला. आणि तो उठला तर तुम्ही कोण ते सांगू नका.

हेडक्लार्क — विचारलं तर सांगावं लागेल.

स्टेनोबाई — का लागेल?

हेडक्लार्क — आजवर मी खोटी नोंद केलेली नाही. लेट मस्टरलासुद्धा स्वतःची वेळ खरी घालायचो.

स्टेनोबाई — ठाऊक आहे. तेवढ्यासाठीच तर तुम्हाला कुणी डब्याला बोलवत नव्हतं.

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

दादा — कोण आलंय गं?

स्टेनोबाई — उठलास? ऑफिसातले आहेत. जुने. निघालेच होते.

दादा — बसा हो, बसा. एवढ्या बाटल्या कसल्या? औषधं विकता का?

हेडक्लार्क — शाई आहे.

दादा — शाई! मग तुम्हालाच विचारतो. हिच्या ऑफिसात एक हेडक्लार्क होता. शाईवाला. आहे का अजून?

स्टेनोबाई — दादा, तोंड धुऊन ये आधी.

हेडक्लार्क — आहे.

दादा — कुठे असतो?

हेडक्लार्क — तुमच्यासमोर.

दादा — तुम्ही?

हेडक्लार्क — मी.

दादा — मी मनात तुम्हाला मिशा लावल्या होत्या. जाड. आणि पोट. इतकी वर्षं एका भलत्याच माणसाला शिव्या देत होतो म्हणायचं.

हेडक्लार्क — शिव्या पत्त्यावर पोचल्या. माणूस तोच आहे.

दादा — काय बोलायचं ते पाठ होतं माझं. आता एक शब्द आठवत नाहीये. हिला विचारा, आंघोळीला गेलो की म्हणायचो.

स्टेनोबाई — म्हणायचा. बादली आपटून.

दादा — बरं, ते जाऊ दे. एकच सांगा मला. हे मी हिला कधी विचारलं नाही, म्हटलं, उगीच जिवाला लागेल. शाई चुकली, कबूल. तुमचा नियम, तोही कबूल. पण दुसऱ्या शाईत लिहून द्यायला लागतात किती? पाच मिनिटं. त्याच दिवशी का नाही दिला?

स्टेनोबाई — दादा, मी…

हेडक्लार्क — त्यांनी पेन मागितलं होतं.

दादा — मग?

हेडक्लार्क — मोकळं निळं पेन ऑफिसात एकच होतं. मस्टरला बांधलेलं. बाई लगेच आल्या होत्या, बाराच्या ठोक्याला. मी दिलं नाही.

दादा — का पण?

हेडक्लार्क — मस्टरचं पेन मस्टरपुरतं. नियम होता.

दादा — असला नियम? कुठे लिहिलेला होता?

स्टेनोबाई — लिहिलेला नव्हता, दादा. तोंडी होता.