आईच्या लुगड्याची गोधडी

शिलाई मशीन घ्यायला जाताना कधी गोधडी काखेत मारून गेलाय का तुम्ही? मी गेले. दौंडच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं, आणि माझ्या आखडलेल्या बोटांत सुई राहत नव्हती. म्हणून बाळासाठी घेतलेली आईच्या लुगड्याची अर्धवट गोधडी घेऊन शिरूरचं दुकान गाठलं.

दुकानदार म्हणाला, "मावशी, ही गोधडी हाय का गादी?"

"आधी शिवून दाखवा, मग बोला."

पहिल्या मशीनची सुईच मोडली. दुसरी, मोठी मशीन मात्र सुसाट निघाली. मी हसले, तेवढ्यात चर्र आवाज झाला. कापड पुढं ओढणाऱ्या मशीनच्या दात्यांनी लुगडं उभं फाडलं होतं.

"कापड जुनं हाय, मावशी. मशीनचा दोष न्हाई."

"व्हय बाबा. पर आई गेली, आता तिचं दुसरं लुगडं कुठनं आणू?"

मशीन न घेताच मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटलेल्या जागी ठिगळ ठेवलं, पण बोटांना सुई काही धरता आली नाही.