रेग्यांचा खाली राहिलेला हात

मंडळी, ऐका. आज पाल्हाळ नाही. एकच प्रश्न टाकतो. ताटात एकच लाडू उरलाय आणि मागणारे दोघे आहेत. एक म्हणतो, "हक्क माझा, डाळ मी दळून आणली." दुसरा म्हणतो, "मी सकाळपासून उपाशी आहे." आधी कोणाला द्यायचा?

बोला की! उपाशी माणसाला? कोण म्हणालं ते — काकू, तुम्ही? वा! आणि डाळ दळणारा तुमचा जावई असला तर? बघा, लगेच पदर सावरून बसल्या.

देवावरसुद्धा हा प्रसंग आलाय बरं का. लढाईच्या आधी दोघे चुलतभाऊ देवाच्या दारात मदत मागायला गेले. देव निजलेले. थोरला आधी आला, ऐटीत उशाशी आसनावर बसला. धाकटा मागून आला, पायाशी हात जोडून उभा राहिला. नावं सांगत नाही, तुम्हाला पाठ आहेत. देवांनी डोळे उघडले, पायाशी उभा होता तो आधी दिसला. थोरला म्हणाला, "आधी मी आलोय." देव म्हणाले, "आलास आधी तू, दिसला आधी हा. शिवाय धाकट्यानं आधी मागायचं असा रिवाज आहे." आता मला सांगा, हा न्याय झाला की पक्षपात? — गोविलकर, पेटी थांबवा जरा, लोकांना विचार करू द्या. तुमची पेटी चालू असली की लोक नुसत्या माना डोलवतात.

तर आख्यान. गेल्या वर्षी मी ऑस्ट्रेलियाला जाऊन आलो. हसताय काय? तिकडं आपली माणसं आहेत, त्यांनी कीर्तनाला बोलावलं. शहरातलं कीर्तन आटपल्यावर एका घरी चार दिवस मुक्काम झाला. गाव कूराबी. शहरापासून गाडीनं चार तास, दोन्ही बाजूंना गहूच गहू, आणि रस्त्यावर माणूस म्हणाल तर औषधाला नाही. बरोबर त्या गावात आपले मुकुंदराव रेगे औषधांचं दुकान चालवतात! मूळचे मालवणचे. बायको शरयूवहिनी आणि एकुलता एक मुलगा तन्मय. आता सांगतो ते मुकुंदरावांनी नाही सांगितलं. ते दुकानात होते. वहिनींनी सांगितलं, पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडं न बघता.

त्या मुलखात एक खेळ आहे. म्हणायचं फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं! चेंडू लांबट, कोहळ्यासारखा. एका बाजूला अठरा जण. चेंडू वर उडाला की पठ्ठे एकमेकांच्या खांद्यावर गुडघा रोवून झेप घेतात. आपल्याकडं असं कुणाच्या खांद्यावर चढलं तर पोलीस केस होईल, तिकडं टाळ्या पडतात. शनिवार आला की सगळं गाव मैदानावर. कूराबीत सिनेमा नाही, बाजार नाही, देऊळसुद्धा धड नाही. आहे ते मैदान, आणि त्याच्याकडेला क्लबाची पत्र्याची शेड. माणसं भेटायची ती तिथंच.

मुकुंदराव नवीन आले तेव्हा दुकानात कुणी फिरकेना. नाव नवं, रंग वेगळा. एके दिवशी टेड नावाचा गव्हाचा शेतकरी आला, क्लबाचा जुना अध्यक्ष. खोकल्याचं औषध घेतलं आणि म्हणाला, "शनिवारी काय करतोस? मैदानावर ये." — तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत सांगतो. माझं इंग्रजी ऐकलंत तर उठून जाल. — गेले मुकुंदराव. टेडनं सगळ्यांना सांगितलं, "हा आपला माणूस." संपलं! दुसऱ्या दिवसापासून दुकान भरलं. पुढं टेड थकला, तेव्हा त्यानंच मुकुंदरावांना अध्यक्ष केलं. तन्मयला पहिली किक मारायला टेडनं शिकवली. त्याला पोरबाळ नव्हतं, जीव सगळा ह्या पोरावर.

आता त्यांच्या स्पर्धेचा नियम ऐका, सगळं त्यावरच आहे. दरवर्षी नव्या मुलांची निवड होते. जो क्लब शेवटचा आला, त्यानं सगळ्यात आधी मुलगा निवडायचा. जिंकला त्यानं सगळ्यात शेवटी. किती शहाणी माणसं! पंगतीत ज्याच्या पानावर काही नाही त्याला आधी वाढा, म्हणजे पुढच्या वर्षी तोही उभा राहील. देवांनी धाकट्याला आधी मागू दिलं, तसंच हे.

पण नियम म्हटला की पोटनियम आलाच! शहरात हार्डविक नावाचा क्लब. तालेवार. सगळे चषक त्यांच्या कपाटात. त्यांनी शिबिर काढलं — परदेशातून आलेल्यांच्या मुलांना फुकट खेळ शिकवायचा. बूट त्यांचे, शिक्षक त्यांचे, दुपारचं जेवणही त्यांचं. आणि बदल्यात एक हक्क घेतला: शिबिरात तयार झालेल्या मुलाला दुसऱ्या कुणी निवडलं, तरी हार्डविकनं उठून "आमचा" म्हटलं की तो हार्डविकचा.

लगेच नाकं मुरडू नका. त्यांचीही बाजू आहे. ज्यानं झाड लावलं, पाणी घातलं, त्यानं फळ खाऊ नये? आणि हा हक्क नसता तर त्यांनी शिबिर काढलं असतं का? त्या शिबिरामुळं कितीतरी पोरं मैदानावर आली, जी एरवी घरात बसली असती. हे खरं आहे. पण ज्याचं पान आधीच भरलेलं, त्यालाच पुन्हा आधी वाढलं, हेही खरं आहे. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या अंगावर आल्या की खरी पंचाईत होते. खोट्याशी भांडणं सोपं असतं.

मुकुंदराव ह्या हक्काविरुद्ध उभे राहिले. सगळ्या क्लबांच्या सभेत ठराव मांडला, हा हक्क रद्द करा. काय बोलले म्हणून सांगू! वहिनी म्हणाल्या, "बुवा, ह्यांना मी लग्नापासून एवढं बोलताना पाहिलं नव्हतं." ठराव एका मतानं पडला. टेडनं पाठीवर हात ठेवला, म्हणाला, "पुढच्या वर्षी." आणि कूराबी पुन्हा शेवटची आली. पोरं दुसऱ्या क्लबात जायला लागली. सगळ्यांना दिसत होतं, आणखी एक वर्ष असं गेलं की क्लब बंद.

आणि ह्याच काळात, दर रविवारी पहाटे, शरयूवहिनी गाडी काढून तन्मयला कुठं नेत होत्या? — हार्डविकच्या शिबिरात!

का नेऊ नये? फुकट शिक्षण, चांगले शिक्षक. तुम्ही नेलं नसतं? तुम्ही तर आदल्या दिवशी जाऊन बसला असता! मुकुंदरावांनाही वाटलं, पोरगं चार गोष्टी शिकेल, खेळेल आपल्याच गावाकडून. पण पोरगं निघालं हिरा. त्या वर्षीच्या सगळ्या मुलांत पहिला. आणि निवडीत पहिला नंबर कोणाचा? कूराबीचा! गावात आनंदीआनंद. तन्मय आला की क्लब तरला. मधे उभा होता फक्त तो हक्क. आणि यंदा एक क्लब मुकुंदरावांच्या बाजूला वळला होता. ठराव पास होणार, हे नक्की होतं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मुकुंदराव भाषणाची तयारी करत बसलेले. वहिनी भाजी निवडत होत्या.

वहिनी म्हणाल्या, "ठराव पास झाला तर तन्मय इथंच राहणार."

"हो. आपल्याच क्लबात."

"जो दर शनिवारी हरतो."

"तन्मय आला की नाही हरणार."

"एकटा पोरगा अठरा जणांचं खेळणार आहे का? हार्डविकमधे गेला तर पुढं मोठ्या स्पर्धेत जाईल. शहरात राहील, शिकेल. इथं गुडघे फोडून घेईल आणि तुमच्या शेजारी गोळ्या विकत बसेल." मग हातातली भाजी खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या भाषणापायी पोराचं नशीब घालवू नका. एवढंच सांगते."

मंडळी, ह्यात त्या माउलीचं काय चुकलं, सांगा! आई आहे ती. न्यायाधीश नाही.

दुसऱ्या दिवशी सभा. टेड आणि मुकुंदराव एकाच गाडीतून गेले. बोलायची वेळ आली, मुकुंदराव म्हणाले, "घसा बसलाय." म्हाताऱ्या टेडनं उठून, अडखळत, दोन वाक्यांत ठराव मांडला. मग हात वर करायला सांगितलं; एका क्लबाचं एकच मत, तेही अध्यक्षानंच द्यायचं. विरुद्ध हात मोजले. बाजूनं हात मोजले. दोन्हीकडं सारखे! एक हात राहिला होता.

टेडनं वळून बघितलं. त्याला वाटलं, मुकुंदला ऐकू आलं नसेल. हळूच म्हणाला, "मुकुंद, हात."

मुकुंदराव टेबलाकडं बघत बसले. विरुद्ध मत दिलं नाही हो! खोटं बोलले नाहीत, कुणाला शिवी दिली नाही. काहीच केलं नाही. नुसता हात मांडीवर राहिला. बरोबरी झाली की जुना नियम कायम, तो कायम राहिला. भरसभेत खाली मान घालून बसलेल्यांच्या गोष्टी आपण ऐकतो ना, ऐकताना किती चिडतो! त्यांनाही घरी पोरंबाळं असतील, हे कधी मनात येतं का?

परतीचा रस्ता चार तासांचा. दोघं शेजारी बसलेले.  कूराबीची पाटी दिसली तेव्हा टेड म्हणाला, "तुझ्या जागी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं." मुकुंदरावांना जरा बरं वाटलं. मग टेड म्हणाला, "पण मग गेल्या वर्षी तू जे बोललास, ते कोणासाठी होतं? मी ते खरं मानलं होतं."

 

निवडीचा दिवस आला. पहिला नंबर कूराबीचा. अध्यक्ष म्हणून नाव पुकारायचं मुकुंदरावांनी, पण ते बसून राहिले. टेड उठला. उपयोग नाही हे त्याला माहीत होतं, तरी खणखणीत आवाजात म्हणाला, "कूराबी — तन्मय रेगे." हार्डविकचा माणूस उठला, म्हणाला, "आमचा." कोट घातलेला, सभ्य, हसतमुख माणूस. नियमानंच वागला, त्याला दोष देऊ नका. टेडनं तन्मयशी हात मिळवला, "चांगला खेळ, पोरा," म्हणाला, आणि बाहेर जाऊन गाडीत बसला.

मग काय झालं? आता तुम्हाला वाटेल, तन्मय मोठा खेळाडू झाला, सगळं गोड झालं. नाही हो. हार्डविककडं त्याच्यासारखे हिरे ढिगानं! सबंध हंगाम पोरगं बाकावर बसलं, अंगात जाकीट, हातात दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. आणि कूराबीला अठरा पोरं जमेनात. हंगाम संपायच्या आत क्लब बंद झाला. मी ते मैदान बघून आलोय. गवत गुडघ्याएवढं, शेडला कुलूप. शनिवारी गावातली माणसं घरी बसतात. कुणी कुणाला भेटत नाही.

तन्मय सुट्टीत घरी आला तेव्हा एकदाच बोलला. "बाबा, मला टेडकाकांबरोबर हरायला चाललं असतं. तुम्ही दोघांनी माझं सगळं ठरवलंत. मला कुणी विचारलंत का?" एवढं सांगून वहिनींनी पोळपाटावरून हात काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "बुवा," म्हणाल्या, "मी पोराचं भलंच बघितलं होतं हो." आणि रडल्या. तव्यावरची पोळी करपली, मीच उठून गॅस बंद केला.

टेड अजून दुकानात येतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेतो, "धन्यवाद, मुकुंद," म्हणतो, जातो. पूर्वी तासभर बसायचा. मुकुंदराव मला म्हणाले, "भांडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी पाय धरले असते. तो काही बोलतच नाही."

निघताना त्यांनी विचारलं, "बुवा, देवानं धाकट्याला आधी मागू दिलं. तोही पक्षपातच ना?" मी म्हटलं, "मुकुंदराव, देवांनी रिवाज आधी सांगितला आणि मग दोघांच्या तोंडावर तोच पाळला. थोरला रागावला असता तरी त्यांनी तो बदलला नसता. तुमचा रिवाज घरी भाजी निवडताना बदलला." बोललो खरं. पण बोलून मला काही बरं वाटलं नाही.

आता तुमच्याकडं वळतो. काकू, पदर सावरू नका, एकट्या तुम्हाला नाही म्हणत. ह्या गावच्या शाळेत संस्थेच्या सभासदांच्या नातवंडांना आधी प्रवेश मिळतो. पलीकडच्या वस्तीतल्या पोरांना उरलं तर. मी सकाळपासून चार घरी चहा प्यायलो, चारी घरी मला सांगितलं, "बुवा, फार अन्याय आहे हो." छान. जूनमधे ह्यावर सभा आहे म्हणे. तुमच्यातले निम्मे सभासद आहात, आणि सगळ्यांना नातवंडं आहेत. तो नियम रद्द करायला जूनमधे कोण हात वर करणार? जून लांब आहे. आत्ता, रामासमोर करून दाखवा.

…

मी थांबतो. मला घाई नाही.

…

दोन. तिकडं कोपऱ्यात एक, तीन. बाकीच्यांचा घसा बसला असेल.

रागावलो नाही, मंडळी. रेग्यांच्या घरी चार दिवस जेवलोय, रागवायचं कुठल्या तोंडानं? आता नाम घेऊ. दरवेळी टाळ्या वाजवत घेतो, आज टाळ्या नकोत. हात आहेत तिथंच मांडीवर राहू द्या, त्यांच्याकडं बघा, आणि हळू आवाजात म्हणा — राम.