पार्किंगचाच प्रश्न होता

छे हो, माणसांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, तुमच्या सरकारी चौकशीत लिहून घ्या तसं – पार्किंगचाच प्रश्न होता. शेजारचं ते पिवळं घर दिसतंय ना, ते एका संस्थेला हवं होतं. बुद्धीनं जरा मागे राहिलेली सहा माणसं तिथे राहणार – लहान मुलं नव्हेत, चांगली पन्नाशीला आलेली – आणि सोबत सांभाळणारी एक पगारी बाई. आता सहा माणसं म्हणजे सहा गाड्या, असं मी घरांना परवानगी देणाऱ्या गावाच्या मंडळापुढे म्हटलं. तर संस्थेची बाई म्हणते, यांच्यातलं कुणीच गाडी चालवत नाही. म्हटलं, तेच तर सांगतेय, दारापुढची जागा रिकामी राहणार, मग कोण कुठला येऊन गाडी लावेल याचा काही नेम? – हसताय काय, तिथे कुणी हसलं नव्हतं. हा गोड पाय खाऊन बघा, रुबार्बच्या आंबट देठांचा आहे, आमच्या घरातल्या युनिसनं भाजलाय.

असं बोलायला शिकवलं कुणी? कुणी नाही. म्हणजे – गावाचे वकील चर्चच्या तळघरात कॉफी पिताना एवढंच बोलले, की घराच्या बाबतीत भेदभाव करायचा नाही असा देशाचा कायदा आहे, त्यात अपंग माणसंही येतात, आणि कुठल्या घरात कुणी राहायचं हे गाव ठरवतं तेव्हाही तो लागू होतो. तेव्हा ती माणसं कोण आहेत ते सोडून काहीही बोला. मग आम्ही काहीही बोललो. डेंटिस्टची बायको खारींवर बोलली – सहा माणसं पाखरांना दाणे घालणार, खारी माजणार. शेवटी मंडळाचे अध्यक्ष, आमचे ऑर्व्हिल ट्वाइट, त्यांनी गावाचा जुना नियम काढला – नात्यातली नसलेली चारपेक्षा जास्त माणसं एका घरात राहू शकत नाहीत. सुटलो, म्हटलं. पण वकील म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा लावलेला दिसायला हवा. झालं – गावाचा घरं तपासणारा तपासनीस आमच्याच दारात. कारण या घरात आम्ही पाच विधवा. तपासनीस माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, टोपी काढून म्हणतो, "व्हर्ना मावशी, तुमच्यातल्या एकीला जावं लागेल."

कोण जाणार? आठवडाभर तेच. आमच्यातली डोलोरेस म्हणाली, मी तुलाच दत्तक घेते, म्हणजे नातं होईल – माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ती – आणि कोर्टात जाऊन चौकशीही करून आली. मग वकिलांना आमच्यातली हॅरिएट आठवली. हॅरिएटचं हल्ली – किटली फ्रिजमध्ये ठेवते, मला तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावानं हाक मारते, मी ओ देते. तिला एकटीला ठेवता येत नाही, म्हणजे कायद्यानं ती अपंग, आणि अपंगासाठी गावानं नियम थोडा वाकवायचा असतो. हो, त्याच कायद्यात आहे ते. त्याच म्हणजे – हो, त्याच.

नियमातून सूट मागणारे दोन्ही अर्ज मंडळापुढे एकाच संध्याकाळी आले. आधी आमचा. ऑर्व्हिल म्हणाले, "या एकत्र जेवतात, एकमेकींचं दुखणंखुपणं काढतात, याला कुटुंब नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?" टाळ्या पडल्या, मंजूर झालं. मग त्यांचा. त्यांच्यातला मायलो म्हणून एक उभा राहिला, नीट भांग पाडलेला, आणि म्हणाला, "आम्हीपण एकत्र जेवणार आहोत." एवढंच. ऑर्व्हिल म्हणाले, आभार, बसा. तर त्यानं भिंतीवरची पाटी दाखवली – प्रत्येकाला तीन मिनिटं. आणि तो आपली मिनिटं उभा राहिला. गप्प. ऑर्व्हिल घड्याळाकडे बघतायत, आणि आमची हॅरिएट उठली, त्याच्याशेजारी जाऊन त्याचा हात धरून उभी राहिली. तिला वाटलं चर्चमध्येच आहोत. आता आमच्या गावात एक उठलं की – मागची रांग उठली, मग पुढची, डेंटिस्टची बायको उठली, मीही उठले. सगळे उभे, कशासाठी ते कुणालाच माहीत नाही. वेळ संपली, बसलो, मतं घेतली. नामंजूर. एकमतानं.

काय? आमची परवानगी राहणारच? त्यांना घर मिळालं तरी? म्हणजे आमचं काही जात नाही – मग तुम्ही आधी का नाही आलात? नाही, मला ती माणसं नको होती असं नाही हो. मायलो तर चांगलाच वाटला मला. मला ती पगारी बाई नको होती. शिकलेली असणार, तिला कुंपणावरून दिसलं असतं आम्ही हॅरिएटला कशा सांभाळतो ते. आम्हाला काय कुणी शिकवलंय? हॅरिएट पहाटे बर्फात जाऊन उभी राहते, अनवाणी, मग काय करणार, तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी –

ताटली राहू द्या तिथेच. या आता.