चुलीपाशी हिरवा दिवा

सोनईच्या स्टँडवर श्रीरामपूरच्या गाडीची रांग. माझ्या पुढं साळूबाई आणि काखेत कोंबडी घेतलेली इमामबी.

"कोंबडी बाजारात चालली का, इमामबी?"

"न्हाई गं साळूबाई. रेडिओ दुरुस्त करनाऱ्या गोरक्षला द्यायची हाय. लई उपकार हायेत त्याचे."

"काय केलं त्यानं?"

"माझी सून शरिफा बहिरी. लेकरू रडून रडून लाल व्हायचं, आन् ही तिकडं तोंड करून भाकरी थापायची. गोरक्षनं जुन्या रेडिओतला, स्टेशन लागलं की फाकनारा हिरवा दिवा काढला, त्याला लग्नातल्या कर्ण्याचा माईक जोडला. माईक पाळन्यापाशी, दिवा चुलीपाशी. लेकरू रडलं की दिव्यातला हिरवा उजेड फाकतो."

"म्हंजे रडनं दिसतं?"

"व्हय! पन पैल्याच दिवशी ह्या कोंबडीनं पाळन्याखाली अंडं घातलं आन् वरडत सुटली. शरिफा पिठाच्या हातानं पळाली, निजलेलं लेकरू उचललं. मग ते खरंच रडाया लागलं!"

"अगं बाई! म्हनून हिची पाठवनी व्हय?"

"अंडी चांगली देती. गोरक्षच्या घरी वरडू दे खुशाल."

"आन् तुझं तोंड? ते गप ऱ्हातंय व्हय पाळन्यापाशी?"

"काल मी पाळन्यापाशी बसले हुते. सहज हाक मारली, 'शरिफा.' चुलीपाशी दिवा फाकला. तिनं वळून बघितलं."

"मग?"

"लगीन होऊन तीन वर्सं झाली. माझ्या हाकेला पैल्यांदा वळली."

"काय काम सांगितलंस?"

"काम काय न्हवतंच गं. मी परत हाक मारली."